एका बालेआदात किती समुद्र?

होंडुरासच्या उत्तर भागातल्या सान पेद्रो सुला शहरात ग्वामिलितो नावाची मंडई आहे. हस्तकलेच्या दुकानांच्या रांगा ओलांडून आत गेलं, की तळहातांवर थापण्याचा आवाज कानावर येतो. बायका टॉर्टिया थापत असतात, तव्यावरून उतरवत असतात आणि ऊब टिकावी म्हणून कापडात गुंडाळून ठेवत असतात. त्यांच्या शेजारीच छोट्या खाणावळी असतात. तिथे अशा खाणावळीला कोमेदोर म्हणतात. चार-सहा टेबलं, प्लास्टिकच्या खुर्च्या, काचेच्या बरणीत व्हिनेगरमध्ये मुरलेला कांदा, गाजर आणि मिरची, एवढाच तिथला थाट. येणारे लोक मजूर, बसचालक, शाळेला निघालेली मुलं आणि बाजाराला आलेली कुटुंबं.

इथे बसलं की सगळ्यात आधी मागवायची ती बालेआदा. गव्हाच्या पिठाची जाडसर, मऊ टॉर्टिया. तिच्यावर शिजवून, घोटून, कांद्यावर परतलेल्या बारीक लाल राजम्याचा थर, वर पातळ आंबट साय आणि त्यावर कुस्करलेलं खारट, कोरडं चीज. मधोमध दुमडली की झाली तयार. हवं असेल तर आत अंडं, आवोकाडो किंवा तळलेलं सॉसेज घालून मिळतं. साध्या बालेआदाला साधारण एक अमेरिकी डॉलरइतके लेंपिरा पडतात. लेंपिरा हे होंडुरासचं चलन. स्पॅनिशांशी १५३०च्या दशकात लढलेल्या लेंका जमातीच्या प्रमुखाचं नाव त्याला दिलेलं आहे.

आता या दुमडलेल्या टॉर्टियाकडे जरा निरखून पाहा. गहू पश्चिम आशियातला, राजमा मध्य अमेरिकेतला, साय आणि चीज देणारी गाय स्पॅनिश जहाजांतून उतरलेली. शेजारच्या ताटलीतली केळी मुळात आग्नेय आशिया आणि न्यू गिनीकडची. पलीकडच्या टेबलावरच्या रश्श्यातल्या नारळाचं गोत्र तर थेट आपल्या हिंदी महासागराशी जुळतं. हे सगळं एका डॉलरच्या आसपास, कुठल्याही समारंभाविना, रोज सकाळी समोर येतं. जगाचा इतिहास वस्तुसंग्रहालयात पाहायला मिळतो, पण तो गरम गरम खायला मिळतो तो अशा स्वस्त खाणावळीत.

पिठाचा गोळा आणि केळ्यांची जहाजं

सुरुवात टॉर्टियापासूनच करू. मैद्यासारखं पांढरं पीठ, मीठ, थोडी बेकिंग पावडर, चरबी किंवा वनस्पती तूप आणि पाणी. किनाऱ्यावर कुणी कुणी पाण्याऐवजी नारळाचं दूधही घालतात. पीठ मळून त्याचे गोळे करतात आणि ते झाकून ठेवतात. ही विश्रांती महत्त्वाची असते. मळताना गव्हातल्या प्रथिनांचं लवचीक जाळं तयार होतं, म्हणजे ग्लूटेन. ताज्या मळलेल्या पिठात ते इतकं ताणलेलं असतं, की गोळा पसरवला तरी पुन्हा आक्रसतो. थोडा वेळ गेला की ते सैलावतं. मग लाटण्याची गरजच राहत नाही. गोळा तळहातांवर फिरवत, ताणत, थापत मोठी गोल टॉर्टिया होते आणि तापलेल्या तव्यावर, म्हणजे कोमालवर पडते. बेकिंग पावडरमुळे आत वायूचे बारीक बुडबुडे धरतात, वर तपकिरी ठिपके उमटतात आणि दुमडली तरी ती तुटत नाही.

पण होंडुरासच्या दमट, उष्ण किनाऱ्यावर गहू पिकत नाही. देशाला लागणारा जवळजवळ सगळा गहू आयात होतो आणि त्यातला मोठा भाग अमेरिकेतून येतो. मग गव्हाची टॉर्टिया याच किनाऱ्याची ओळख कशी झाली? उत्तर शोधायला बंदरांकडे जावं लागतं. न्यू ऑर्लिन्सच्या व्हाकारो बंधूंनी १८९९ मध्ये ला सेइबा बंदराच्या परिसरातून केळी अमेरिकेला न्यायला सुरुवात केली. त्यांच्या धंद्यातून पुढे स्टँडर्ड फ्रूट कंपनी उभी राहिली. तेला आणि ला लिमा इथे युनायटेड फ्रूट कंपनीने पाय रोवले. कंपन्यांनी रेल्वे बांधली, धक्के बांधले, वसाहती आणि दुकानं उभारली. जहाजं केळी घेऊन उत्तरेला जात आणि परतताना तिकडचा माल आणत. आयात केलेलं पीठ याच बंदरांतून आत येत गेलं आणि मक्याच्या देशात किनारपट्टीला गव्हाची सवय लागली.

या कंपन्यांची सत्ता केवढी होती? अमेरिकी कथाकार ओ. हेन्री १८९६-९७ मध्ये होंडुरासमध्ये येऊन राहिला होता. १९०४ साली आलेल्या ‘कॅबेजेस अँड किंग्ज’ या पुस्तकात त्याने एक काल्पनिक देश रंगवला आणि ‘बनाना रिपब्लिक’ हा शब्दप्रयोग जगाला मिळाला. ज्या मळ्यांमुळे देशाला हे हिणवणारं नाव चिकटलं, त्याच मळ्यांत १९५४च्या मे महिन्यात हजारो मजुरांनी संप पुकारला. तो दोन महिन्यांहून अधिक काळ चालला. त्यातून देशातली कामगार चळवळ उभी राहिली आणि १९५९ मध्ये कामगार कायदा आला.

बालेआदा नेमकी कोणत्या गावची यावर ला सेइबा आणि सान पेद्रो सुला यांच्यात आजही जिव्हाळ्याचा वाद चालतो. दोन्ही शहरं केळ्यांच्या व्यापारावर वाढलेली आहेत. स्वस्त, पोटभरीची, हातात धरून चालता चालता खाता येणारी ही न्याहारी अशाच कष्टकरी किनाऱ्यावर रुजावी, यात नवल नाही.

लाल दाण्यांचं शहाणपण

टॉर्टियाच्या पोटातला राजमा मात्र अस्सल इथलाच आहे. राजमा, घेवडा, श्रावणघेवडा ही सगळी फासेओलस वल्गारिस या एकाच वनस्पतीची रूपं. तिचे जंगली पूर्वज मध्य आणि दक्षिण अमेरिकेत वाढतात. आज पंजाबी ढाब्यावर मिळणारा आणि आपल्या साताऱ्याकडे पिकणारा राजमा कोलंबसानंतरच्या जहाजांतूनच जुन्या जगात पोहोचला.

होंडुरासचे लोक राजम्याच्या रंगाबाबत अतिशय काटेकोर असतात. शेजारच्या ग्वातेमालात काळा राजमा चालतो. इथे बारीक, चमकदार, फिकट लाल दाणाच हवा. दाणा गडद लाल निघाला तर बाजारात भाव पडतो. राजधानी तेगुसिगाल्पाच्या बाहेर सामोरानो नावाची कृषी शिक्षणसंस्था आहे. तिथल्या पैदासकारांना गेली कित्येक वर्षं हे कोडं सोडवावं लागतंय. रोगाला तोंड देणारं, दुष्काळात तग धरणारं वाण तर हवंच, शिवाय गृहिणीच्या मनातला लाल रंगही जपायला हवा. ‘आमादेउस ७७’ हे त्यांचं गाजलेलं वाण अशाच खटपटीतून आलं. एका स्वस्त ताटातला रंग टिकावा म्हणून शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत आणि शेतात राबतात, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

राजमा आणि मका ही इथली हजारो वर्षांची जोडी. शेतात दोन्ही एकत्र लावतात. मक्याच्या ताटावर राजम्याचा वेल चढतो आणि राजम्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत बांधतात. ताटातही तीच सोबत. मक्याच्या प्रथिनांत लायसीन हे अमिनो आम्ल कमी असतं, ते राजम्यात भरपूर. राजम्यात गंधकयुक्त अमिनो आम्लं कमी, ती धान्यातून मिळतात. आपल्या वरण-भातामागेही नेमकं हेच रसायन आहे. पृथ्वीच्या दोन टोकांना, एकमेकांची गंधवार्ता नसताना, शेतकरी कुटुंबांनी डाळ आणि धान्य यांची सांगड घातली आणि मांस न परवडणारी माणसंही त्यावर धडधाकट राहिली.

चुन्याच्या पाण्याचा चमत्कार

दुपारी याच कोमेदोरमध्ये प्लातो तिपिको मागवावं, म्हणजे इथली थाळी. भाजलेलं गोमांस, सॉसेज, भात, राजमा, तळलेली पिकी केळी, चीजचा तुकडा, साय, आणि टोमॅटो, कांदा, कोथिंबीर, लिंबू यांची चिमोल नावाची कोशिंबीर. सोबत कापडात गुंडाळलेल्या मक्याच्या टॉर्टिया. जेवण तिखट नसतं. ज्याला हवं त्याने बरणीतली मिरची वाढून घ्यायची.

मक्याची ही टॉर्टिया गव्हाच्या टॉर्टियाहून हजारो वर्षांनी जुनी. मक्यात ग्लूटेन नसतं. नुसतं मक्याचं पीठ पाण्यात मळलं तर ते फुटतं. म्हणून मध्य अमेरिकेतल्या बायकांनी साडेतीन हजार वर्षांपूर्वीच, कदाचित त्याहूनही आधी, एक युक्ती शोधली. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात उकळायचे, रात्रभर तसेच ठेवायचे, सकाळी धुऊन वाटायचे. चुन्यामुळे दाण्याचं चिवट साल सुटतं आणि पेशींच्या भिंती सैल होऊन वाटलेलं पीठ एकजीव होतं. त्यात कॅल्शियम मिसळतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मक्यात जखडून पडलेलं नायसिन हे जीवनसत्त्व मोकळं होतं.

ही युक्ती किती मोलाची होती ते तिच्यावाचून कळलं. युरोपीय लोकांनी मका उचलून नेला, चुन्याची रीत मात्र मागेच सोडली. १८व्या शतकात स्पेन आणि इटलीच्या गरीब भागांत, जिथे लोक मक्यावरच जगत होते, तिथे पेलाग्रा पसरला. त्यात कातडी फाटते, जुलाब लागतात, बुद्धी भ्रमते आणि शेवटी मृत्यू ओढवतो. या रोगाचा एक धागा आपल्या दख्खनपर्यंतही येतो. केवळ ज्वारीवर गुजराण करणाऱ्या इथल्या गरीब लोकांतही पेलाग्रा आढळत असे. हैदराबादचे पोषणशास्त्रज्ञ सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या सुमारास त्याचा अभ्यास केला होता. एकाच धान्यावर जगायची वेळ आली की शरीर काय किंमत मोजतं, हे मक्याने आणि ज्वारीने दोन्हीकडे दाखवून दिलं. होंडुरासच्या खाणावळीत आजही चुन्यात भिजलेल्या मक्याचा मातीसारखा मंद गंध येतो. तो गंध ज्यांनी पहिल्यांदा ओळखला, त्या बायकांना जीवनसत्त्व माहीत नव्हतं. त्यांना आपली मुलं धडधाकट हवी होती.

गुहेतला आवोकाडो

आवोकाडोची फोड तर आणखी मागे नेते. होंडुरासच्या नैर्ऋत्य डोंगराळ भागात, मार्काला गावाजवळ, एल हिगान्ते नावाची शैलगुहा आहे. हवा कोरडी असल्यामुळे तिथे माणसांनी खाऊन टाकलेल्या बिया, साली आणि कणसं हजारो वर्षं टिकून राहिली. तिथल्या थरांत सुमारे ११,००० वर्षांपूर्वीपासून आवोकाडो खाल्ल्याच्या खुणा मिळतात. पुढच्या थरांत बिया हळूहळू मोठ्या आणि साली जाड होत जातात. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, साडेसात हजार वर्षांपूर्वी इथली माणसं मोठ्या फळांची झाडं निवडून जोपासत होती. म्हणजे त्यांनी मक्याची शेती अंगवळणी पाडली त्याच्याही आधी ती फळबाग सांभाळत होती. याच गुहेतली ४,३०० वर्षांपूर्वीची कणसं सांगतात, की तोवर मक्याचं पीकही भरघोस येऊ लागलं होतं.

या फळाच्या गोष्टीतला एक सांधा तर थक्क करणारा आहे. वनस्पतींच्या शोधात फिरणारा विल्सन पोपेनो हा अमेरिकी शास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात ग्वातेमालाच्या डोंगरांत आवोकाडोची उत्तम झाडं हुडकत हिंडला. पुढे युनायटेड फ्रूट कंपनीने होंडुरासमध्ये कृषी शाळा काढायचं ठरवलं, तेव्हा तिची धुरा त्याच्याकडे आली. ती शाळा म्हणजेच लाल राजम्याचा रंग जपणारं सामोरानो.

कच्च्या केळ्याचे काप

सान पेद्रो सुलाच्या रस्त्यावर संध्याकाळी सर्वांत जास्त गर्दी जमते ती पोयो चुकोभोवती. कच्च्या केळ्याचे लांब, पातळ तळलेले काप, त्यावर तळलेली कोंबडी, वर बारीक चिरलेली कोबी, मुरलेला कांदा आणि रस्सा. काप खाली ठेवण्यात खुबी आहे. वरून झिरपणारा रस ते पितात आणि कडेला कुरकुरीत राहतात. कच्चं केळ म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, त्यामुळे तळल्यावर ते बटाट्याप्रमाणे खुसखुशीत होतं. पिकू दिलं की इथिलीन वायूच्या इशाऱ्यावर तेच स्टार्च साखर होतं आणि थाळीतले पिक्या केळ्याचे काप तव्यावर गडद तपकिरी, गोड होतात. वनस्पती तीच, पण काही दिवसांच्या अंतराने ती दोन वेगळे पदार्थ देते आणि इथलं स्वयंपाकघर दोन्ही क्षण पकडतं.

केळं अमेरिकेचं नव्हे. १६व्या शतकातला स्पॅनिश इतिहासकार ओव्हिएदो लिहितो, की १५१६ मध्ये तोमास दे बेर्लांगा नावाच्या धर्मगुरूने कॅनरी बेटांवरून केळीचे कंद कॅरिबियन बेटांवर आणले. त्या काही कंदांनंतर चारशे वर्षांत होंडुरास जगातला आघाडीचा केळी निर्यातदार झाला. मळ्यांत तेव्हा ग्रो मिशेल ही जात होती. पनामा रोग नावाच्या बुरशीने ती उद्ध्वस्त केली आणि १९६०च्या दशकापर्यंत कंपन्या कॅव्हेंडिश गटाकडे वळल्या. त्या गटातलं एक वाण ग्रँड नैन. जळगावचा शेतकरी ज्याला जी-नाइन म्हणतो, ते हेच. खानदेशातल्या आणि सान पेद्रो सुलाभोवतीच्या उलुआ नदीच्या खोऱ्यातल्या केळीबागा अशा एका कुळातल्या आहेत.

आणि त्या कुळाची अडचणही एकच. खाण्याच्या केळ्यात गुणसूत्रांचे तीन संच असतात, त्यामुळे बी धरत नाही. नवं वाण काढायचं तर कसं? ला लिमा इथे १९८४ मध्ये स्थापन झालेल्या होंडुरास कृषी संशोधन प्रतिष्ठानाने, म्हणजे ‘फिया’ने, याचं उत्तर हातांनी शोधलं. कामगार शिड्यांवर चढून फुलोऱ्यांना परागकण लावत. मग हजारो केळी सोलून, चाळणीवर चोळून, गरातून एखाददुसरं बी वेचलं जाई. अशा वेचलेल्या बियांतून फिलिप रो यांनी फिया-०१ हे रोगाला तोंड देणारं वाण घडवलं. गवताच्या गंजीत सुई शोधतात असं आपण म्हणतो. इथे ती खरोखरच सापडली आहे.

नारळाचं दूध आणि एका जमातीची हद्दपारी

किनाऱ्यावरच्या खाणावळीत नारळाच्या दुधाचा वास पसरलेला असतो. तेला, ला सेइबा आणि त्रुहियोच्या आसपासच्या गावांत गारिफुना लोक राहतात. सेंट व्हिन्सेंट बेटावर आफ्रिकी आणि मूळ कॅरिबियन लोकांच्या मिलाफातून ही जमात घडली. १७९५-९६ मध्ये त्यांनी इंग्रजांशी युद्ध केलं. हरल्यावर त्यांना आधी बालिसो या उजाड बेटावर डांबण्यात आलं. तिथे रोगराईने हजारो माणसं दगावली. उरलेल्यांना जहाजांत भरून १२ एप्रिल १७९७ रोजी होंडुरासजवळच्या रोआतान बेटावर उतरवण्यात आलं. दरवर्षी १२ एप्रिलला होंडुरासमध्ये हे आगमन साजरं होतं.

सर्वस्व गमावून उतरलेल्या या माणसांनी आपलं स्वयंपाकघर मात्र टिकवलं. माचुका हा त्यांचा पदार्थ. उकडलेली कच्ची आणि पिकी केळी मोठ्या लाकडी उखळात कुटून लवचीक गोळा करायचा आणि नारळाच्या दुधातल्या माशाच्या रश्श्याबरोबर हाताने खायचा. दुसरा पदार्थ एरेबा, म्हणजे कसाव्याची कडक, पातळ भाकर. कडू कसाव्याच्या कंदात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. तो तसाच खाल्ला तर जीव जाऊ शकतो. म्हणून तो दगडाचे कण ठोकलेल्या फळीवर किसतात. किसताना पेशी फुटतात आणि कंदातलंच एन्झाइम विषाचे बंध तोडू लागतं. मग कीस वेताच्या लांब, विणलेल्या नळीत भरून ताणतात. नळी आवळते, विषारी रस गळतो. उरलेलं विष तव्याच्या आचेवर उडून जातं. एका विषारी मुळापासून महिनोन्‌महिने टिकणारी भाकर! हे ज्ञान युनेस्कोने २०२४ मध्ये मानवाच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. होंडुरास, क्युबा, डोमिनिकन प्रजासत्ताक, हैती आणि व्हेनेझुएला या पाच देशांचा तो सामाईक वारसा आहे. आणि आपण? एकादशीला आपण जो साबुदाणा भिजवतो, तो याच कसाव्याच्या स्टार्चचा. तमिळनाडूतल्या सेलमच्या गिरण्यांत तो घडतो, पण ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेची.

आता नारळ. अमेरिकेच्या अटलांटिक बाजूला कोलंबसाच्या आधी नारळ नव्हता. केनेथ ओल्सेन, बी गन आणि लुक बोदुआँ यांनी २०११ मध्ये जगभरातल्या नारळांची जनुकं तपासली. नारळाची दोन मोठी घराणी निघाली, एक प्रशांत महासागराचं आणि दुसरं भारताच्या दक्षिण टोकाकडचं, हिंदी महासागराचं. कॅरिबियन किनाऱ्यावरचे नारळ दुसऱ्या घराण्यातले ठरले. गोव्या-मलबारच्या समुद्रात वावरणाऱ्या पोर्तुगीज जहाजांनी ते आधी पश्चिम आफ्रिकेकडे नेले आणि तिथून पुढे अटलांटिक पार गेले. रोआतानवर रश्श्यात पडणारा नारळ आणि मालवणी कालवणातला नारळ यांचे पणजोबा असे एकाच किनाऱ्याचे निघतात.

या रश्श्यांत सर्वांत मानाचा सोपा दे काराकोल, राणी शंखातल्या जिवाचं नारळाच्या दुधातलं सूप. १९९१ मध्ये बांदा ब्लांका या होंडुरासच्या वाद्यवृंदाने याच नावाचं गाणं काढलं. गारिफुनांच्या पुंता तालावरचं ते गाणं साऱ्या लॅटिन अमेरिकेला नाचवून गेलं. पण राणी शंख सावकाश वाढतो. अति शिकारीमुळे १९९२ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. नारळालाही १९९०च्या दशकात झाडं पिवळी पाडून मारणाऱ्या रोगाने गाठलं आणि किनाऱ्यावरच्या बागाच्या बागा गेल्या. ताटातला प्रत्येक पदार्थ कायमचा आपला असतो असं नाही. तो कुणीतरी राखावा लागतो.

पेल्यातला कोको

पेयांच्या यादीतही हीच आश्चर्यं. चिंचेचं गारेगार सरबत इथे घरोघरी होतं. तांदूळ आणि जिकारो झाडाच्या बिया वाटून केलेला ओर्चाता मिळतो. कॉफी तर हवीच, कारण होंडुरास हा मध्य अमेरिकेतला सर्वांत मोठा कॉफी उत्पादक आहे. पण सर्वांत जुना पेला कोकोचा. सान पेद्रो सुला ज्या उलुआ खोऱ्यात वसलं आहे, तिथेच पुएर्तो एस्कोन्दिदो हे प्राचीन गाव होतं. तिथल्या मडक्यांच्या खापरांत थिओब्रोमाइन या कोकोतल्या रसायनाचे अंश सापडले. ती मडकी इसवी सनापूर्वी सुमारे ११०० सालची. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार, ते पेय चॉकलेटच्या आधीचं असावं, कोकोच्या गोड गरापासून आंबवलेलं मद्य.

आणि १५०२ मध्ये, चौथ्या सफरीवर असलेल्या कोलंबसाला याच देशाच्या ग्वानाहा बेटाजवळ मालाने भरलेली एक मोठी नाव भेटली. नावेत कोकोच्या बिया होत्या. एखादी बी खाली सांडली की नावेतली माणसं जणू डोळाच निसटून पडल्यासारखी ती उचलायला झेपावत, असं कोलंबसाच्या मुलाने, फर्नांदोने, नोंदवून ठेवलंय. कोकोच्या बिया तेव्हा चलन म्हणून चालत. युरोपला त्या क्षणी समोर चॉकलेट दिसत होतं, पण ते काय आहे हे कळायला बराच काळ जायचा होता.

बालेआदाचा उलटा प्रवास

१९९८च्या ऑक्टोबरात मिच चक्रीवादळाने होंडुरास झोडपून काढला. हजारो माणसं गेली, केळीचे मळे चिखलाखाली गाडले गेले. त्यानंतर देश सोडणाऱ्यांची संख्या वाढतच गेली. आज परदेशातल्या आप्तांनी पाठवलेला पैसा देशाच्या एकूण उत्पन्नाच्या सुमारे एक चतुर्थांश भरतो. ही माणसं न्यू ऑर्लिन्स, ह्यूस्टन, मायामी, न्यूयॉर्क, बार्सिलोना अशा शहरांत गेली आणि त्यांच्या मागोमाग कोमेदोरही गेले.

न्यू ऑर्लिन्समध्ये या प्रवासाचं वर्तुळ लख्ख दिसतं. केळ्यांच्या जहाजांमुळे तिथे आधीपासूनच होंडुरासच्या लोकांची मोठी वस्ती होती. २००५च्या कतरिना वादळानंतर शहर पुन्हा उभारायला आणखी माणसं आली. दिवसभर छपरं ठोकणाऱ्या त्या गवंड्यांना आणि सुतारांना संध्याकाळी बालेआदा हवी होती. ज्या बंदरातल्या व्यापाऱ्यांनी होंडुरासचा किनारा आपल्या मळ्यांनी व्यापला, त्याच बंदरात होंडुरासच्या बायका आता कोमाल तापवून बसतात.

ह्यूस्टन, डॅलस किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी वाचकांना ही चव फार लांब शोधावी लागणार नाही. मांसाहार न करणाऱ्यांनी ‘बालेआदा सेन्सिया’, म्हणजे साधी बालेआदा मागावी. त्यात राजमा, साय आणि चीज एवढंच असतं. राजमा परतताना किंवा टॉर्टिया मळताना डुकराची चरबी, म्हणजे ‘मांतेका’, वापरली आहे का ते आधी विचारून घ्यावं. मासे चालत असतील तर नारळाच्या रश्श्यातला मासा मागावा. जमल्यास आनाफ्रेही मागवावा. मातीच्या भांड्याच्या खालच्या कप्प्यात धगधगते निखारे, वर खदखदणारा राजमा आणि वितळणारं चीज, आणि बुडवून खायला मक्याचे कुरकुरीत तुकडे.

या सगळ्या पदार्थांत राजाच्या मुदपाकखान्यातून आलेला एकही नाही. चुन्याचं पाणी, कसाव्याची पिळणी, तळहातावरची टॉर्टिया, उखळातलं केळ ही सारी कौशल्यं बहुतेक निनावी बायकांची. त्यांच्या वाट्याला साम्राज्यांनी, कंपन्यांनी आणि वादळांनी जे सोडलं, त्यातून त्यांनी रोजचं जेवण उभं केलं आणि ते इतकं चांगलं केलं, की देश सोडून गेलेली माणसं पहिली आठवण त्याचीच काढतात. म्हणून अशा खाणावळीत जाल तेव्हा घाई करू नका. मालकिणीला विचारा, टॉर्टिया कुणाकडून शिकलात? राजमा कुठून मागवता? नारळाचं दूध घरी काढता का? ज्या इतिहासाला पुस्तकांत चार ओळीही मिळाल्या नाहीत, तो तिथे अजून जिवंत आहे आणि विचारलं तर तो भरभरून बोलतो.